गॅसचा सिलिंडर कापू नका, टंग ड्रम प्लेटच्या कटपीसमधून करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत टाकाऊतून टिकाऊच्या पानावर स्टीलचा टंग ड्रम, म्हणजे लोखंडात जिभेसारखे काप देऊन त्या जिभा टिपरीने वाजवायचं वाद्य, घरी कसा बनवायचा ते छापलं होतं, फोटो पण छान होता आणि असलं वाद्य आपल्या मराठी पेपरात आलं म्हणून मला खरंच बरं वाटलं, कारण मिरजेत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ग्रिल, जिने हे रोजचं काम, आणि उरलेल्या लोखंडातून वाद्यं करायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. पण त्या लेखातली पहिलीच पायरी वाचली आणि अंगावर काटा आला. "घरातला जुना, रिकामा गॅस सिलिंडर घ्या, व्हॉल्व्ह काढून टाका आणि ग्राइंडरने जिभा कापा." बास, एवढंच. पुढे लगेच रंग कुठला द्यायचा ते. संपादक साहेब, ही ओळ वाचून कुणी सुट्टीच्या दिवशी अंगणात सिलिंडर आडवा टाकून ग्राइंडर लावला तर काय होईल याचा विचार छापण्याआधी कुणीतरी करायला हवा होता, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा मोठं होणार आहे, पण नुसतं "करू नका" सांगून पोरं थांबत नाहीत, त्यांना दुसरा रस्ता दाखवावा लागतो, तो पण यात लिहिलाय.

आधी सिलिंडरचं सांगतो. रिकामा सिलिंडर म्हणजे शेगडी पेटत नाही एवढाच त्याचा अर्थ. आत लिक्विड संपलेलं असतं, प्रेशर संपलेलं असतं, पण वाफ भरलेलीच असते, शिवाय तळाला थोडा तेलकट गाळ असतो त्यातून पण वाफ सुटत राहते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्ही हवेपेक्षा जड, दीड ते दोन पट, त्यामुळे व्हॉल्व्ह काढला की गॅस आपोआप उडून जाईल असं जे वाटतं ते चूक आहे, तो तळाशी बसून राहतो. उलट व्हॉल्व्ह काढल्यावर आत हवा शिरते आणि तेच जास्त वाईट, कारण नुसता गॅस पेटत नाही, त्याला हवा लागते, आणि हवेत साधारण २ ते ९ टक्के गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते. ग्राइंडर ठिणगी सोडून दुसरं काय सोडतो? वास गेला म्हणजे गॅस गेला असं पण समजू नका. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, मर्कॅप्टन नावाचं द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात म्हणून वास येतो, आणि दहा मिनिटं तिथंच बसलं की नाकाला त्याची सवय होऊन जाते. आमच्या धंद्यात डिझेलची टाकी, केमिकलचा ड्रम, गॅसची टाकी, असलं कुठलंही बंद भांडं वेल्डिंगला किंवा कटिंगला आलं की जुने मिस्त्री आधी हात मागे घेतात आणि मग विचारतात आत काय होतं. ही सवय उगीच लागलेली नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी लेखात कुठंच नव्हती, ती म्हणजे तो सिलिंडर आपला नसतोच. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो, आपण फक्त डिपॉझिट भरून तो वापरतो. कनेक्शन नको असेल तर सिलिंडर परत द्यायचा आणि डिपॉझिट परत घ्यायचं, बाद झालेल्या सिलिंडरची विल्हेवाट पण कंपनीनेच लावायची. तो भंगारात विकणं, विकत घेणं, कापणं, यातलं काहीच आपल्याला करता येत नाही. गॅस सिलिंडर नियम २०१६ या कामासाठी आहेत आणि ते बघणारी जी केंद्राची संस्था आहे, पेसो, तिचं मुख्य ऑफिस आपल्याच नागपुरात आहे. तुमच्या वार्ताहराने तिथं एक फोन केला असता तरी ती ओळ छापली गेली नसती.

आता कुणी म्हणेल की यूट्यूबवर तर सगळे गॅसच्या टाकीचाच करतात. करतात, खरंय. २००७ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर भागात डेनिस हॅवलेना नावाच्या गृहस्थांनी प्रोपेनच्या २० पौंडाच्या टाकीच्या बुडावर जिभा कापून हॅंक ड्रम नावाचा टंग ड्रम केला आणि तो कसा केला हे सगळ्यांना मोकळेपणाने सांगून टाकलं, पेटंट वगैरे भानगड नाही, तिथून ही लाट जगभर गेली. पण तिथं प्रोपेनची टाकी लोक दुकानातून स्वतःच्या मालकीची विकत घेतात, बार्बेक्यूला वापरतात, आणि समजूतदार कारागीर तर कधीच गॅस न भरलेली कोरी टाकी आणून कापतात. त्यांच्याकडे ती वस्तू सहज मिळते म्हणून त्यांनी ती घेतली. आपल्याकडे ती परिस्थिती नाही, मग नुसती वस्तू का उचलायची? मला वाटतं या सगळ्या वाद्यांच्या मागचा विचार उचलायला पाहिजे, आणि तो विचार असा आहे की आपल्या गावात, आपल्या गल्लीत जे लोखंड पडून आहे त्यातून सूर काढायचा.

त्रिनिदादचंच बघा ना. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, तिथं इंग्रजांच्या राज्यात १८८० च्या दशकात कार्निव्हलमधल्या ढोलांवर बंदी आली, मग लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, पुढं १९३० च्या दशकात त्यावर पण बंदी आली, तर पोरांनी बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं, गाडीचे पार्ट, जे हाताला लागेल ते वाजवायला घेतलं. वाजवता वाजवता लक्षात आलं की डब्याला पोचा पडला की आवाज बदलतो, आणि पोचा मुद्दाम पाडला तर हवा तो सूर मिळतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा नाविक तळ त्या बेटावर आला, तेलाचे पिंप जिकडंतिकडं झाले, मग पिंपाचं बूड घणाने ठोकून खोलगट करून त्यावर सूर बसवले आणि स्टीलपॅन झालं. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स ही त्यातली मोठी नावं. १९५१ साली त्यांचा एक संघ लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून आला. ज्या सरकारने ढोल बंद केले त्यांच्याच राजधानीत! आज ते त्रिनिदाद आणि टोबॅगोचं राष्ट्रीय वाद्य आहे आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिवस ठरवला. आणखी एक सांगतो, त्याच बेटावर १८४५ पासून हिंदुस्थानातून मजूर नेले होते, ते बहुतेक भोजपुरी भागातले, त्यांनी नेलेला ताशा आजही तिथं तासा म्हणून वाजतो, सोबत झांजा असतात. पुण्या-कोल्हापूरच्या मिरवणुकीतल्या माणसाला तिथं नेऊन उभं केलं तर त्याचे पाय आपोआप हलतील.

स्वित्झर्लंडचा हॅंग म्हणून जे वाद्य आहे, उडत्या तबकडीसारखं दिसणारं, मांडीवर घेऊन बोटांनी वाजवायचं, त्याची कल्पना तर आपल्याकडच्या वाद्यावरूनच निघाली. बर्नमध्ये फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर स्टीलपॅन बनवायचे. रेटो वेबर नावाचा तिथला तालवादक दक्षिणेतला घटम, म्हणजे मातीचं मडकं, वाजवायचा, त्याने १९९९ साली जाऊन विचारलं की घटमसारखं हाताने वाजवायचं पण त्यात सूर असलेलं काहीतरी धातूत करता येईल का, आणि २००० साली हॅंग तयार झाला. तो ठोकून घडवणं हे वर्षानुवर्षांचं कसब आहे, ते घरी होत नाही. जीभ कापून सूर काढणं मात्र होतं, कारण तिथं घडाई नाही, फक्त माप आहे. ही युक्ती पण जुनीच, मेक्सिकोत अझ्टेक लोक ओंडका पोखरून वर दोन लाकडी जिभा ठेवायचे, तेपोनाझ्तली म्हणायचे त्याला.

मिरजेबद्दल वेगळं काय सांगायचं. इथले शिकलगार तलवारींना धार लावायचे, राजेरजवाड्यांचे दिवस सरले तसे ते तंबोरे-सतारी दुरुस्त करायला लागले आणि मग करायलाच लागले, आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. हत्याराचा हात सुराकडं वळल्याचं उदाहरण आमच्या गावातच असताना मला लोखंडातून वाद्य काढायला लाज का वाटावी?

तर मुद्द्यावर येतो. सिलिंडर नाही, मग काय घ्यायचं? कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडवर जा, कोपऱ्यात एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, प्लेटच्या कटपीसचा ढीग असतो, बेसप्लेट कापून उरलेले, गोल रिंगच्या आतले. ३ मिमी जाडीचा, साधारण फूटभर रुंदीचा तुकडा शोधा, गोल मिळाला तर उत्तमच, त्याचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं आणि भंगाराच्या भावाने मिळतो. गॅल्वनाइज्ड पत्रा घेऊ नका, त्यावरच्या जस्ताचा धूर कटिंग-वेल्डिंगमध्ये नाकात गेला की थंडी वाजून ताप भरतो. जुना रंग असेल तर तो जाळून काढू नका, जुन्या रंगात शिसं असतं, रिमूव्हर लावून खरवडा. आणि खाली बसवायला जुनं मोठं पातेलं, ज्याचं बूड गेलंय किंवा पोचे पडलेत असं कुठलं पण, फक्त तोंड प्लेटपेक्षा किंचित लहान पाहिजे म्हणजे कड बाहेर राहते. हे पातेलं म्हणजे पोकळी, ती नसेल तर आवाज येतो पण भरत नाही.

प्लेटवर खडूने सहा जिभा आखा, मुळं कडेच्या बाजूला आणि टोकं मध्याकडे, प्रत्येकीची रुंदी तीनेक सेंमी. आता माप. जिभेचा सूर तिच्या लांबीच्या वर्गावर चालतो, लांबी वाढली की सूर उतरतो आणि झपाट्याने उतरतो. ३ मिमीच्या प्लेटमध्ये हार्मोनियमच्या सफेद एकचा मध्य सा पाहिजे असेल तर जीभ साधारण साडेनऊ-दहा सेंमी लागते. सा १०० मिमी धरला तर रे ९४.३, ग ८९.४, प ८१.६, ध ७७.५ आणि वरचा सा ७०.७. हा भूप राग झाला. भूप घ्यायचं कारण म्हणजे त्यात म आणि नी नाहीत, कुठल्याही दोन जिभा एकदम वाजल्या तरी कानाला खुपत नाही, त्यामुळे ज्याला गाण्यातलं काही कळत नाही असं पोरगं पण हातात टिपरी घेतल्याबरोबर काहीतरी बरं वाजवतं. हातात पातळ पत्रा असेल, १ मिमीचा, घमेल्याचा वगैरे, तर तोच सा साडेपाच-सहा सेंमीलाच येतो, पण आवाज पातळ निघतो आणि लवकर विझतो, माझा सल्ला जाड प्लेटच घ्या.

ही मापं तंतोतंत धरून कापू नका हं. हे गणित आदर्श जिभेचं आहे, प्रत्यक्षात मूळ थोडं हलतं त्यामुळे सूर गणितापेक्षा खाली येतो. म्हणून प्रत्येक जीभ मापापेक्षा दहा-बारा मिमी आखूडच कापायची, सूर चढा येईल, मग दोन्ही बाजूंचे काप मुळाकडे थोडे थोडे वाढवत उतरवत आणायचा. दहा सेंमीच्या जिभेत ३ मिमी म्हणजे एक पूर्ण अर्धसूर, एवढं ते नाजूक आहे, त्यामुळे शेवटी शेवटी हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीच्या, ब्लेडचे दोन-चार हात मारायचे, वाजवायचं, मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप लावून बघायचं, परत दोन-चार हात. कापल्या कापल्या लगेच सूर बघायचा नाही, प्लेट तापलेली असते आणि तापलेल्या लोखंडाचा सूर उतरलेला दिसतो, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. माझ्याकडे जी पोरं येतात ती सगळ्यात आधी इथंच घाई करतात.

कापायला चार इंची ग्राइंडर आणि १ मिमीचं कटिंग व्हील चालतं, पण व्हील गोल असतं ना, ते वरच्या बाजूला जास्त लांब कापतं आणि खालच्या बाजूला कमी, त्यामुळे वरून काप पूर्ण दिसतो आणि खालून अजून चिकटलेला असतो. म्हणून व्हील कोपऱ्याच्या आधीच थांबवायचं आणि उरलेलं जिगसॉने, म्हणजे बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने, नाहीतर ब्लेडने काढायचं. जिगसॉ असेल तर सरळ टोकाला एक भोक पाडून तिथूनच सुरुवात करा, टोक गोलाकार कापता येतं आणि ते छान दिसतं. सूर लागल्यावर कापाच्या दोन्ही शेवटांना बारीक भोकं पाडली तर तिथून तडा पुढं सरकत नाही, पण भोकाने पण सूर किंचित उतरतो तो हिशोब आधीच ठेवायचा. चष्मा, कानात बोळे, पायात बूट, आणि गळ्यात लोंबणारं काही नको, ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, ओढणी किंवा शर्टाची बाही त्यात गेली तर हात काढायला वेळ मिळत नाही. कापण्याचं काम मोठ्या माणसानेच करायचं, त्यातही शेडवर देऊन करून घेतलं तर सगळ्यात बरं, हल्ली लेझर कटिंगवाले पण आहेत, ड्रॉइंग दिलं की कापून देतात. पोरांनी आखणी करावी, सूर लावावा, कानस मारावी. खरं शिकणं तिथंच आहे.

सूर जास्तच उतरला तर प्लेट फेकू नका. जिभेच्या टोकाला कानस मारून तिथलं वजन कमी केलं की सूर चढतो. उलट थोडासाच उतरवायचा असेल तर टोकाला खालून छोटं लोहचुंबक चिकटवा, जुन्या इअरफोनमधलं सुद्धा चालतं, आणि ते मागे-पुढे सरकवून बारीक सूर लावता येतो. सहाही जिभा कापून झाल्या की पहिलीपासून परत तपासायचं, कारण शेजारी काप पडला की प्लेट ढिली होते आणि आधी लावलेला सूर जरा हलतो. तंबोऱ्यासोबत वाजवायचा असेल तर अजून एक, अ‍ॅपवरचा गंधार हार्मोनियमचा असतो, तंबोऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट खाली (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग). आमच्या गावात गंधार चढा लागला तर लोक तोंडावर सांगतात, म्हणून मी तो तंबोऱ्याला लावतो.

मग प्लेट आणि पातेल्याच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालायची, नाहीतर लोखंडावर लोखंड खरखरतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. नटबोल्ट चार-सहा ठिकाणी, दोन जिभांच्या मधल्या जागेत, घट्ट. पातेल्याच्या बुडाला एक भोक, चार-पाच सेंमीचं, आवाज बाहेर यायला, खाली रबराचे पाय. वाजवायला लाकडी काडीच्या टोकाला तीच ट्यूब गुंडाळा, थोडी जास्त गुंडाळली की आवाज मऊ, कमी गुंडाळली की कडक. टोकाजवळ वाजवायचं, मुळाजवळ नाही. या आवाजात घंटेची जी छटा येते तिचं कारण म्हणजे जिभेचा दुसरा स्वर मूळ सुराच्या सव्वासहा पट वर असतो, तारेसारखा सरळ दुप्पट-तिप्पट नसतो, आणि मऊ टिपरीने तो दबतो म्हणून टिपरी मऊ ठेवायची.

ज्या शाळेत ग्राइंडर-जिगसॉ काहीच नाही त्यांनी तर यापेक्षा सोपं करावं, पाइपचं. प्लंबरकडे अर्ध्या इंची जीआय, म्हणजे गॅल्वनाइज्ड लोखंडी, पाइपचे तुकडे पडलेले असतात, ते हॅक्सॉने कापायचे, ठिणगी नाही, धूर नाही. इथं पण सूर लांबीच्या वर्गावरच चालतो म्हणजे तेच प्रमाण लागतं: सा ४० सेंमी, रे ३७.७, ग ३५.८, प ३२.७, ध ३१, वरचा सा २८.३. अडकवायची जागा महत्त्वाची, दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे ४० सेंमीच्या पाइपला ९ सेंमीवर. त्या जागी पाइप हलतच नाही, म्हणून तिथं दोरी बांधली तर आवाज दबत नाही, आणि दोन बोटं सरकवली तरी टण होण्याऐवजी ठक होतं. सातवी-आठवीच्या पोराला वर्ग आणि वर्गमूळ कशाला शिकायचं ते एका तासात कळेल, तेही कान उघडे ठेवून.

आणि नुसता ताल हवा असेल तर गॅरेजमध्ये जाऊन ट्रकचा झिजलेला ब्रेक ड्रम मागा. त्रिनिदादच्या स्टीलबॅंडमध्ये ब्रेक ड्रम आजही वाजतो, सगळ्या संघाची लय तोच धरून ठेवतो. फक्त आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा आणि मग धुवा. कधी गणपतीत झांजेच्या जोडीला एक ठेवून बघा, चांगला खणखणीत लागतो.

माझं मागणं एवढंच आहे की सिलिंडर कापू नका हे तुम्ही येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आतल्या पानावर खाली चार ओळींचा खुलासा नको, लेख ज्यांनी वाचला त्यांच्या तो नजरेला पडणार नाही. वेबसाइटवरचा लेख पण दुरुस्त करा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, माझ्याकडेच दोन ग्रुपवरून आला. आणि इथून पुढं ग्राइंडर, वेल्डिंग, गॅस, अ‍ॅसिड असलं काही या सदरात येणार असेल तर छापण्याआधी एखाद्या आयटीआयच्या निदेशकाला वाचायला द्या, प्रत्येक जिल्ह्यात आयटीआय आहे, ते लोक आनंदाने वाचतील. सदर बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पोरांच्या हाताला लोखंड लागलंच पाहिजे, नाहीतर आमच्या शेडवर पुढं यायचं कुणी?

आपला,
मिरजेचा एक फॅब्रिकेशनवाला, जुना वाचक

ता. क. एसीवाल्यांकडच्या गॅसचे जे डबे असतात, एकदाच वापरायचे, ते भंगारात दिसतात आणि लोक त्याचा पण ड्रम करतात. तो पत्रा पातळ असतो. आतला गॅस हवेत सोडायचा नसतो, जुना आर-२२ ओझोनला मारक आहे आणि नवे बरेच गॅस हवा तापवणारे, शिवाय उरलेला गॅस कटिंगच्या उष्णतेत विषारी होतो, आणि आर-२९०, आर-६००ए हे तर सरळ पेटणारेच. डब्यावरचं लेबल निघालेलं असेल तर आत काय होतं ते कळायला मार्ग नाही. तो पण नको. प्लेटचा तुकडा घ्या, आणि पोरांच्या हातात देण्याआधी प्रत्येक कापाच्या दोन्ही कडांवरून, खालच्या बाजूने सुद्धा, कानस आणि मग एमरी पेपर फिरवा, खालची बूर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, वरून दिसत नाही आणि बोट तिथंच कापतं.